अंगठा दिल्यावर

गोंदियाच्या कोर्टाबाहेर मी वकिलांचे कागद टाईप करून देतो. गेल्या उन्हाळ्यात सालेकशाकडचा एक म्हातारा गोंड माझ्यासमोर बसला होता. त्याच्या वाडवडिलांच्या शेतावर एका व्यापाऱ्याने दावा ठोकला होता आणि लेखी जबाब दाखल करायचा तो शेवटचा दिवस होता.

"सदर जमीन माझ्या मालकीची आहे," असं मी वाचून दाखवलं आणि त्याने अंगठा मुठीत लपवला.

"हे काढा, बाबू. जमीन देवाची आहे, आमी फक्त कसतो. माझी म्हनलं तं देव घरातला मानूस नेते."

शेजारी उभे असलेले त्याचे वकीलसाहेब वैतागले. "तू दावा नाकारला नाहीस तर कोर्ट त्या व्यापाऱ्याचंच खरं धरेल. जमीन जाईल!"

"जमीनच जाईल ना," तो हळूच म्हणाला.

"आणि मग घरचे खातील काय?"

 म्हाताऱ्याने कागद जवळ ओढला. मग डोळे घट्ट मिटून त्याने अंगठा उमटवला. शाईही न पुसता फोन माझ्यापुढे धरला. "घरी लावून द्या."

घरातल्या एकेकाला बोलावून तो फक्त आवाज ऐकत होता. शेवटी धाकट्या नातीचं नाव घेतलं. ती बोडीवर, गावाजवळच्या लहान तळ्यात, पोहायला गेली होती.

"बलावा तिले," त्याचा आवाज फाटला. "मी फोन ठेवत नाही."

मी काही देवभोळा माणूस नाही. पण पुढचा कागद मला घेववेना. मीही त्या पोरीच्या आवाजाची वाट पाहत बसलो.