अक्कलकोटचा नवस

बीटपासून सुरुवात करते. पापाकडे यायला धीर लागतो, मूर्खपणाकडे यायला लागत नाही. तुमच्याआधी हे मी एकाच बाईला सांगितलंय, तेही गेल्या वर्षी. नवऱ्याला सांगितलं नाही. देवाला तर नाहीच — देवाला का नाही, ते पुढे कळेल.

मी तेव्हा चाळिशीची. सोलापुरात आमचं एकत्र कुटुंब, मी थोरली सून, स्वयंपाकघर माझ्या हातात. आणि मला टीबी झाला होता. कुणाला न कळता औषध चाललं होतं. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते हे डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पण माझं लक्ष होतं दाराकडे — ओळखीचं कुणी आत येतंय का. पहिल्या दिवशी मोरीत पाहिलं आणि वाटलं, आटोपलं आपलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून मोकळी झाले — बीट खाल्लंय.

आता एकदा बीट म्हटल्यावर बीट आणणं आलं. कोशिंबिरीत बीट, थालीपिठात बीट, एकदा तर आमटीतही. धाकटे दीर ताटाकडे बघून म्हणाले, "वहिनी, निदान भात तरी पांढरा ठेवा." अख्ख्या घरानं महिनोन्महिने बीट खाल्लं, आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते. केवढी शहाणी होती ती बया. आजही नातवंडं विचारतात, आजी, तू बीट का खात नाहीस? काय सांगू?

सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं, चांगलंही होतं. पण तिथं नाव लिहून घ्यायचे, गोळी समोर गिळायला लावायचे, आणि गेलं नाही की माणूस दारात यायचा. आम्हा अब्रूवाल्यांना दारात माणूस नको होता. म्हणून खाजगी. खाजगी दवाखान्यात आपण औषध घ्यायला जातो असं तुम्हाला वाटतं? मी गेले ते मिटलेल्या तोंडासाठी. तेही सोलापुरात नको — बाकावर शेजारी कोण येऊन बसेल, काय नेम? अक्कलकोटला छातीचे एक डॉक्टर होते. घरी सांगितलं, स्वामींना नवस बोललेय, महिन्यातल्या एका गुरुवारी दर्शनाला जायचं. नवसाला कोण अडवतंय? आधी दवाखाना, मग मठ, मग एसटी. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, आमची थोरली भारी भाविक.

ते डॉक्टर अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला आणा. मी म्हटलं, आणते की. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फार विचारलं की पेशंट दुसरा दवाखाना गाठतो, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण त्यांच्यावर कशाला ढकलू — त्यांनी एकदा तरी विचारलं होतं. मला तर रोज कळत होतं.

काय कळत होतं? तर सुमनचा खोकला. सुमन माझी धाकटी जाऊ, मोडनिंबची. माझा खोकला थांबला आणि तिचा सुरू झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला सुई दिली, पातळ औषध दिलं. दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हटलं. तिसऱ्यांनी कापसाच्या धुळीवर ढकललं — सोलापुरात काहीही झालं की गिरणीची धूळ असतेच हाताशी. चांगल्या घरची, गळ्यात सोनं असलेली सून. तिला थुंकी तपासून घ्या म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. मी मात्र भिंतीपलीकडून ऐकत होते. तो खोकला मला पाठ होता. माझाच होता तो.

एकदा मी निघताना ती म्हणाली, "अक्का, स्वामींचा अंगारा आणा की माज्यासाटी. औषधानं काय हुईना."

मी आणला. पिशवीच्या एका कप्प्यात अंगाऱ्याची पुडी, दुसऱ्यात माझ्या महिन्याच्या गोळ्या. घरी येऊन तिच्या कपाळाला लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला. तिनं वाकून नमस्कार केला — मला. आणि मी तो घेतला. स्वामींना यात ओढत नाही. त्यांच्या नावाआड मी लपले होते. एक वाक्य पुरलं असतं — सुमन, माझ्या डॉक्टरांकडे चल. का नाही निघालं तोंडातून? सांगोल्याला, माझ्या माहेरी, या दुखण्यापायी चुलतीला शेळ्यांच्या गोठ्यात ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. ही सबब नाही. गोठा कसा असतो हे पाहिलेलं असूनही मी दुसरीला तिकडे जाऊ दिलं, एवढंच सांगतेय.

शेवटी तिचा भाऊ तिला मोडनिंबला घेऊन गेला आणि तिथून सरकारी दवाखान्यात. थुंकी तपासली, टीबी निघाला. तोवर एक फुप्फुस पार खराब झालं होतं. आत्याबाई म्हणाल्या, हे दुखणं माहेरचंच. मी मान डोलावली. औषध सुरू करून ती परत आली तशी त्या म्हणाल्या, तिचं ताट वेगळं काढा. मीच काढलं.

पण अजून मी भोवतीनंच फिरतेय. सांगायचंय ते ताटाचंही नव्हे. खरं ते पुढचंच.

एका दुपारी सुमनचे वडील आले. नाना म्हणत त्यांना. शाळूचं पोतं रिक्षातून उतरवून त्यांनी स्वतः आत आणलं. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उंबऱ्याजवळच उभे राहिले. पटका काढून हातात धरला आणि आत्याबाईंना म्हणाले, "आमच्या घरनं तुमच्यात आलं ह्ये. चूक आमची हाय. पर पोरीला पदरात घ्या." माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा माणूस. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. माझा कोर्स संपला होता, वजन वाढलं होतं, स्वामी पावले असं सगळे म्हणत होते. कप उचलताना त्यांनी बोट माझ्या बोटाला लागू दिलं नाही — मला काही होऊ नये म्हणून. मला. आत्याबाई म्हणाल्या, बघू. नानांनी उभ्यानंच चहा घेतला. मी कप आत नेला आणि धुतला.

तेव्हा मी बोलले नाही. पाप म्हणाले ते हे.

सुमन वाचली. पण जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं, अजूनही. आत्याबाई गेल्या, नाना गेले. गेल्या वर्षी एका सकाळी तिच्याकडे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं — बीट, नवस, अंगारा, नानांचा चहा. ती मेथी निवडत होती. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. रडण्याचीही. ती काड्या बाजूला काढत राहिली. जुडी संपली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ह्ये नानांना सांगायचं व्हतं, अक्का. मरंस्तवर त्यांनी माज्या पोरांना मांडीवर घेतलं न्हाय. म्हणायचे, तुला माज्याकडनंच गेलं आसंल."