हाडांचं पाणी

कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारीणबाईंचं राज्य होतं, आणि त्या राज्याचा खजिना म्हणजे मागच्या शेगडीवरचं मोठं पातेलं. त्यात दिवसभर हाडं उकळायची. तेच पाणी डावाडावाने भातात, डाळीत, भाजीत पडायचं. कुणी मांस नको म्हणालं, तर बाई तुकडे बाजूला सारून वाढत. तुकडा दिसला नाही की झालं शाकाहारी, बाईंचं शास्त्र एवढंच!

मग बाईंच्या घरात सून आली. ती मांस-मच्छी तर सोडाच, दूध, अंडी, मधालाही हात लावेना. "जनावराकडून आलेलं काही नको आई, बाकी काहीही चालेल," म्हणाली. कुठेही जेवायला गेली की आधी विचारायची, "यात काय काय आहे?" वाढणारे वैतागायचे, नवरा छताकडे बघायचा. फक्त सासूच्या ताटापाशी तिने हा प्रश्न कधी विचारला नाही. बाईंना त्याचा कोण अभिमान!

सुनेला दिवस गेले आणि तिचा चेहरा उतरला. बाईंना राहवेना. मसुराच्या सूपमध्ये त्यांनी हाडांचं पाणी ओतलं. पहिल्या दिवशी सूप कँटीनमध्येच शिजवलं, तेव्हा ते सवयीने पडलं, असं म्हणता येईल. पण नंतर बाई कँटीनमधून त्या पाण्याचा डबा भरून आणू लागल्या, तोही पदराआड. जे पदराआड आणावं लागतं ते बरं नसतं, हे न कळण्याइतक्या त्या बावळट नव्हत्या.

सून मात्र वाटी पुसून खायची. एकदा पोटावर हात ठेवून म्हणाली, "सगळे म्हणत होते, बाळासाठी तरी नियम मोड. तुमच्यामुळे निभावलं बघा, आई."

 स्वतःची इतकी लाज बाईंना कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी डबा आणलाच नाही. कांदा जास्त परतला, लसूण घातला, जे जमेल ते केलं.

सुनेने चमचा तोंडात घातला. "आज काही घालायचं राहिलं का हो?"

हो म्हणून मीठ पुढे केलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. बाईंच्या तोंडून मात्र खरं ते निघून गेलं. "हाडांचं पाणी. रोज घालत होते गं. चुकले मी."

सून ओरडली नाही, माहेरीही गेली नाही. ओरडली असती तर बरं, असं बाईंना वाटत राहिलं. ती नुसती उठून खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पानावर येऊन बसली. बाईंनी वाढलं. सुनेने चमचा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "आई, यात काय काय आहे?"

"मसूर, कांदा, गाजर, मीठ," बाई म्हणाल्या. मग खालमानेने, "आणि पाणी. नळाचं."