डोंगरावरचा देवमासा

"आवं पावनं, मासा डोंगरावर चढला व्हय? पाय फुटलं का पंख फुटलं त्याला?"

मुलीचे मामा एवढ्यानं ओरडले, की माझ्या बशीतले पोहे उडून शेजारच्या गोठ्यात पडले. औंधाजवळच्या त्या घरी मी मुलगी बघायला गेलो होतो. जहाजावरच्या आचाऱ्याला पोरगी कोण देतंय? नकार पचवून पचवून माझं पोट दगड पचवण्याइतकं मजबूत झालं होतं. ह्या खेपेला तरी होकार मिळावा म्हणून चुलत्यांना सोबत घेतलं होतं.

तोवर बैठक माझ्या मुठीत होती. माझ्या हातची भाजी खाल्ल्याशिवाय कप्तान नांगर उचलत नाही, हे सगळ्यांनी मान डोलावत ऐकलं. लाटेनं उडालेली आमटी हवेतच गोठली आणि मी ती फोडून वाढली, हेही पटलं. "लय कष्टाचं काम," असं मामा म्हणालेसुद्धा. मग मला दुर्बुद्धी सुचली आणि मी एक खरी गोष्ट सांगायला घेतली.

आमचं जहाज उन्हाळ्यात हौशी प्रवाशांना घेऊन पार उत्तरेला जातं. नॉर्वेच्याही वर, जिथं समुद्रात बर्फ तरंगतो. तिथल्या एका बेटावर एकदा मलाही उतरू दिलं. वस्ती नाही, झाड नाही. तरी किनाऱ्यावर ओंडक्यांचा खच! रशियातल्या नद्यांनी सोडलेले, समुद्रानं आणून टाकलेले. कधीकाळी युरोपातले शिकारी तिथं यायचे, देवमासे मारायचे, किनाऱ्यावरच चरबी उकळून तेल काढायचे. मासे संपले, तशी माणसंही गेली. जी परतली नाहीत, त्यांच्यावर रचलेले दगड तेवढे उरलेत.

पण खरी चक्कर आली ती चढण चढल्यावर. समुद्र पार खाली राहिला, आणि उतारावर देवमाशाची बरगडी! चहूकडे नुसता करडा दगड, त्या हाडाभोवती मात्र हिरवंगार शेवाळ आणि इवली पांढरी फुलं. हजारो वर्षं त्या हाडाचंच खत खाऊन जगलेली. आमची वाटाडी बाई म्हणाली, हाड पडलं तिथंच आहे. वर आलंय ते बेट. ह्या जमिनीवर पूर्वी बर्फाचा डोंगर बसला होता. तो वितळला, ओझं उतरलं, तशी जमीन समुद्रातून हळूहळू उठायला लागली. अजून उठतेय.

मी पायाखाली बघितलं. कृष्णेच्या पुरात बिनधास्त उडी टाकणारा मी, पण तिथं खाली बसून दोन्ही हातांनी दगड धरला. ती जमीन माझ्यासकट वर चालली होती!

हे मी मामांना सांगितलं, तेही बरंच कमी करून.

"जमीन उठती? मग आमची का उठंना?"

"मामा, उसाचा ट्रक कारखान्यात रिकामा झाला, की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वर येतात का नाही? तसंच."

"ट्रकाला पाटं असत्यात. जमिनीखाली कुणी बसवलं?"

चुलत्यांनी कोपर मारलं. "आवर गड्या. हीबी गेली."

चेष्टा केली म्हणालो असतो, तर सगळे हसले असते आणि सुपारी फुटली असती. तोंड उघडलंही होतं. पण ते शेवाळ डोळ्यांसमोर आलं.

"न्हाई मामा. खरं हाय."

मामा खुर्ची सरकवून उठले. मुलगी मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. ती मला, पेशंटचा ताप बघावा तशी, बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. होकार! आमच्या कराडात मी ज्याला त्याला सांगत सुटलो, की बेटानं मला बायको दिली.

लग्नानंतर तिला विचारलं, "बेटाचं खरं वाटलं, म्हणून हो म्हणालीस ना?"

युनिफॉर्मला इस्त्री करता करता, वर न बघता, ती म्हणाली, "तुम्ही सहा महिने घरी नसणार होता, म्हणून."