निकेल आत गेलंच नव्हतं

बारा वर्षं मी एका माणसावर डूख धरून होतो.

मी जव्हारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पोरफिरिन नावाच्या जांभळ्या रेणूच्या मध्यभागी निकेल बसवायचं आणि त्याची कंपनं आलेखात पाहायची, हा माझा पीएचडीचा विषय. आमचं घर किराणावाल्यांचं, पुडी बांधणं रक्तात. म्हणून नमुना ओल शोषणाऱ्या मिठात खलून, कागदाच्या सुरेख पुडीत बांधून, ऐन जुलैत एसटीने ठाण्याच्या प्रयोगशाळेत नेला. आलेखभर पाणीच पाणी! तिथला एक संशोधक सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, हा तर तुमच्या दाभोशाचा धबधबा काढलात!" लोक पोट धरून हसले.

गेल्या महिन्यात तोच प्राध्यापक होऊन आमच्याकडे व्याख्यानाला आला. पडद्यावर त्याच्या निकेलचा आलेख आला आणि मी चष्मा पुसला. निकेल आत बसलं की नायट्रोजनवरचे हायड्रोजन बाहेर पडतात आणि आलेखातला त्यांचा बारीक सुळका नाहीसा होतो. इथे तो ताठ उभा होता.

मी उठलो, अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, निकेल राहायला आलंय, मग जुने भाडेकरू अजून घरातच कसे?"

तो पडद्याकडे वळून म्हणाला, "थोडं बिननिकेलचं मूळ द्रव्य उरलं असेल."

"थोडं?" मी म्हणालो. या वेळी पोरं हसली.

जेवताना तो माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, "पेपर सोमवारी पाठवायचाय हो. निकेल पूर्ण आत जातच नाही. तुमचं कसं गेलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी त्याच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली आणि पावसाचा विषय काढला.