तासातासाला हाक

तुळजापुरात देवळाच्या मागच्या गल्लीत ईरण्णांचं आठ खोल्यांचं लॉज आहे. गाद्या चपट्या, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, तरी जुने भक्त तिथंच उतरतात. कारण एकच. पहाटेच्या अभिषेकाला उठवायचं ईरण्णांनी कबूल केलं, की माणूस उठतोच. दोनदा दार वाजवतील, तिसऱ्यांदा आत येऊन पांघरूण ओढतील. तीस वर्षांत आपल्या एकाही पाहुण्याचा अभिषेक चुकला नाही, हे ते कुणी न विचारताच सांगतात.

त्यांची मुलगी शिवांजली सोलापूरला नर्सिंग शिकत होती. परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी वसतिगृहात तिला फिट आली. ईरण्णा जाऊन तिला घेऊन आले आणि घरीच ठेवून घेतलं. शेजारच्या सारजाबाईंनी कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा असे उपाय सुचवले आणि आता हिच्या लग्नाचं कसं होणार, याची काळजीही वाहून घेतली. ईरण्णांनी मात्र आपल्याला येत होतं तेच केलं. फिट झोपेत गाठते असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून ते रात्री तासातासाला पोरीला हलवून उठवायचे, नाव विचारायचे, शुद्धीवर आहे याची खात्री करून घ्यायचे. पाच महिने असे गेले. फिट थांबायचं सोडा, आणखी तीन आल्या.

मग कॉलेजनं कळवलं, मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर नाव कमी करू. तरी ईरण्णा हलेनात. शिवांजलीनं जेवण सोडलं, तेव्हा कुठं ते तिला घेऊन सोलापूरच्या एसटीत बसले.

डॉक्टर राजेश्वरी मॅडम वयानं इतक्या लहान, की ईरण्णांनी आधी मोठे डॉक्टर कधी येणार म्हणून विचारलं. मॅडमनी मनावर घेतलं नाही. शिवांजलीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला आणि मग निवांत विचारत बसल्या. सकाळी उठल्यावर हाताला झटके बसतात का, वस्तू उडतात का? ती म्हणाली, उडतात, घरातले निम्मे कप तसेच फुटलेत. त्या कपांपायी ईरण्णांनी पोरीला धांदरट म्हणून किती बोल लावले होते, ते आठवून त्यांची मान खाली गेली.

मग मॅडमनी झोपेचं विचारलं.

"अप्पा रातभर उठवत्यात," शिवांजली म्हणाली.

आता शाबासकी मिळणार, असं वाटून ईरण्णांनी सगळं रीतसर सांगितलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, हा आजार तुमच्यामुळं झालेला नाही," त्या म्हणाल्या. "पण झोप मोडली की हिला फिट येते. परीक्षेला जागली म्हणून पहिली फिट आली. पुढच्या तुमच्या उठवण्यानं वाढल्या. गोळी वेळेवर द्या आणि पोरीला झोपू द्या."

ईरण्णा तिथंच रडले. लाज वाटली, वाईटही वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुटका जास्त होती. पोरीच्या दुखण्याला नाव होतं, औषध होतं. मॅडमनी पत्रही लिहून दिलं. तीन महिने फिट आली नाही तर कॉलेजला जाऊ दे, फक्त रात्रपाळी नको आणि सध्या गाडी चालवायची नाही.

उठवणं बंद झालं, पण दाराशी बसून तिचा श्वास ऐकणं ईरण्णांना सोडवेना. तीन महिन्यांत एकही फिट आली नाही आणि शिवांजली पुन्हा वसतिगृहात गेली. पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला त्यांनी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"अप्पा, सुट्टी हाय आज. झोपू द्या की जरा," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

ईरण्णा डोळे पुसत बायकोकडं वळले. "चिडली," ते म्हणाले. "गाढ झोपली हुती."

नागम्मांनी नवऱ्याकडं पाहिलं. आठ महिने या माणसाचा धड डोळा लागला नव्हता. त्यांनी लॉजच्या किल्ल्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या.

"मग आता तुमीबी पडा," त्या म्हणाल्या.