चाकातली अक्षता

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्यात कोण आहे ते मला पावलांवरून कळतं. खालचे गुजराती आजोबा कठडा धरून सावकाश चढतात. दूधवाला दोन-दोन पायऱ्या गाळतो. आणि वरच्या मजल्यावरची ती, सकाळी कामाला निघाली की एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरते. डावा टेकवते, उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवते, मग पुढची पायरी. चोवीस वर्षांची धडधाकट मुलगी. डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढून सांगितलंय की पायात काही दोष नाही. पायात नाहीच. दोष माझा होता, आणि नऊ वर्षं मी तो आवाज बंद दाराआडून ऐकत होते.

ती आणि माझी मुलगी एका वर्गात, एका संघात. बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली आम्ही टीव्हीवर पाहिलेल्या. भाईंदरला बर्फ दिसतो तो मासळीखाली. त्यामुळे आमच्या आठ पोरींचं फिगर स्केटिंग चालायचं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चार चाकांच्या बुटांवर. सर फार कडक. फरशीवर खडा दिसला तरी सराव थांबवून झाडू मागवायचे.

त्यांच्या नाचात शेवटी एक चक्र होतं. आठही जणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून एका रांगेत उभ्या राहायच्या आणि ती अख्खी रांग गोल फिरायची. मधल्या दोघी जागच्या जागी वळायच्या, पण टोकाच्या मुलीला जिवाच्या आकांताने पळावं लागायचं. टोकाला ती असायची. विभागातली सांघिक स्पर्धा जिंकली तर राज्याच्या निवडीला टोकाची मुलगी नक्की, असं सरांनी सांगितलं होतं. त्यानंतर ती दुसरं काही बोलतच नसे. "काकू, राज्याच्या जर्सीवर मागे नाव असतं ना?" असं मला भाजी निवडताना विचारायची.

स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, काशीमीऱ्याच्या बाजूला एका हॉलमध्ये. गाडी आमच्या गेटवरून सुटणार म्हणून खंडेनवमीलाच सगळ्यांचे बूट आमच्याकडे ठेवले होते. घरातली विळी, शिलाई मशीन, ह्यांची हत्यारं पाटावर मांडली, तेव्हा मला वाटलं, पोरींची हत्यारं म्हणजे हे बूटच की. आठ जोड ओळीने मांडले. चाकाचाकाला हळद-कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर. टोकाच्या मुलीच्या बुटांवर जरा जास्तच, कारण तिच्यावर माझा जीव होता. चाकांना ताजं तेल होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळे बूट फडक्याने पुसले. नीट पुसले असं मला वाटलं होतं.

स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्यांत काही झालं नाही. चक्र सुरू झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि ती फिरता फिरता एकदम जागीच अडल्यासारखी झाली. उजवा पाय मागे राहिला, अंग पुढे गेलं. पडताना तिने शेजारणीला ओढलं, शेजारणीने तिसरीला, तिसरीने चौथीला. चौघी फरशीवर. बाकीच्या चौघी तशाच गोल फिरत राहिल्या, कारण सरांनी शिकवलंच तसं होतं.

घरी आल्यावर तिने बूट आमच्या पिशवीत फेकले आणि वर निघून गेली. मी ते बाहेर काढले, चाकं फिरवून पाहिली. उजव्या बुटाचं पुढचं चाक फिरेना. केसातली पिन काढून फटीत घातली, तर आतून तांदळाचा अर्धा दाणा निघाला. कुंकवाने लाल झालेला. टाकवेना, म्हणून तो मी तुळशीच्या कुंडीत दाबला.

इथवर ती चूक होती. पुढचं जे आहे त्याला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी संघ आमच्या हॉलमध्ये जमला. ती खाली जमिनीवर बसली होती. "सर, चाक जाम झालं होतं. खरंच," ती म्हणाली. सरांनी उजवा बूट उचलला, पुढच्या चाकाला बोटाने टिचकी मारली. चाक भिरभिर फिरलं, थांबेचना.

"चाक तर एकदम मस्त फिरतंय," सर म्हणाले. "पायच लूज पडला तुझा. ऐन टायमाला काँफिडन्स गेला."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. कप वाटले. साखर कमी आहे का, असंही विचारलं. स्वतःची इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती, त्यानंतर रोज येते.

तिने बूट पुन्हा घातले नाहीत. महिनाभरात जिन्यात तो आवाज सुरू झाला.

या वर्षी खंडेनवमीला सोसायटीतल्या दोन आयांनी तिला माझ्या दारासमोरच अडवलं. लहान मुलींना स्केटिंग शिकव म्हणून गळ घातली. ती हसली. "नको हो. माझ्या पायाचा भरवसा नाही," म्हणाली.

आया खाली गेल्यावर मी दार उघडलं आणि तिला आत बोलावलं. पाटावर पूजा मांडलेली होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अक्षता, पिन, तुळस. काही गाळलं नाही.

तिने पाटावरच्या अक्षतांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सरांनी चाक फिरवलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तिथे खाली बसले होते, काकू."

"हो गं."

मला वाटत होतं ती ओरडेल. निदान रडेल. तिने फक्त उजवा पाय जरासा पुढे केला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली. "कामाला उशीर होतोय," म्हणाली.

मी दाराशी थांबले. एवढी वर्षं मनाशी धरून होते, सांगून टाकलं की ती धडाधड जिना उतरेल. डावा टेकला. उजवा त्याच्या शेजारी आला. मग पुढची पायरी. तळमजल्यापर्यंत मी ऐकत राहिले, एकही पायरी ती वेगळ्या तऱ्हेने उतरली नाही.