ताईसाठी राखीव सीट

तेव्हा मी वज्रेश्वरी-भिवंडी लाइनीवर शेअर जीप चालवायचो. थोरली बहीण दिघाशीला आईकडे राहायची आणि तिथल्या फाट्यावरून रोज कामतघरला शिवणकामाला जायची. पोलिओमुळे एका पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. मागच्या बाकावर चढणं तिला जमत नसे. पुढं ड्रायव्हरशेजारी आधीच दोघं असत. कुरकुर करत एकजण मागं लटकायला जाई, ताई उरलेल्या जागेत अंग चोरून बसे. पण वेळेवर पोचे.

मला ते बघवेना. ड्रायव्हरांच्या मीटिंगमध्ये मी शर्टाचं वरचं बटण लावून भाषण ठोकलं. ठरलं: पुढची सीट अपंगांची, शेजारी दुसरं कोणी कोंबायचं नाही. टाळ्या पडल्या. पाट्या मीच रंगवून आणल्या.

सोमवारी ताई फाट्यावर उभी. पहिली जीप सुसाट गेली. दुसरीही. दोघांच्या जागेवर एकटीला कोण घेणार? त्यापेक्षा ती दिसलीच नाही, हे सोपं.

एका ड्रायव्हरला मी गाठलं. तो हसला. "कानून तूने बनाया ना भाई? अब तूही बिठा."

पण सकाळच्या फेरीला माझा नंबर आठवड्यातून एकदाच लागायचा.

ताई म्हणाली, "आधी चेंगरायची, पण जीप थांबायची तरी. ती पाटी काढ रे बाबा."

"ताई, हक्क म्हंजे हक्क!"

"हक्कावर बसून कामाला जाऊ काय? शेठ बोललाय, आता उशीर झाला तर यायची गरज न्हाय."

गुरुवारी माझा नंबर. नेमकं लग्नाचं वऱ्हाड. पुढं, पाटीच्या खाली, दोन पाहुणे आहेराची भांडी मांडीवर घेऊन बसलेले. फाट्यावर एकाला मागं पाठवू, असं मी घोकत आलो. पाहुणे नवरदेवाचे जवळचे, मानाचे निघाले, माझी जीभच उचलेना. ताईनं मला ओळखून कुबडी वर केली. मी खिडकीतून ओरडलो, "मागच्या गाडीनं ये!"

मागच्या गाडीवर तोच हसणारा ड्रायव्हर होता. हे मला माहीत होतं.

त्या दिवशी तिचं मशीन दुसरीला दिलं. संध्याकाळी मी दिघाशीला गेलो तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पुढं कोण बसलेलं?"

"पाहुणे."

"धडधाकट?"

मी मान डोलावली.